लोहाराचा खटला आणि तांड्याची होळी

यंदा रोजे आणि बारावीची परीक्षा एकदमच आली. सकाळी सहेरी उरकून, घशाला कोरड घेऊन मी वर्गावर सुपरव्हिजनला उभी असते, आणि खिडकीबाहेर पळस असा फुललाय की विचारू नका. पोरींना दरडावते, "खाली पाहा, आपापल्या पेपरात पाहा," आणि स्वतः मात्र टक लावून बाहेर बघते. काल पहिल्या बाकावरची एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचंच लक्ष नाही." खरंच होतं, काय बोलणार?

दारव्ह्याची हवा या दिवसांत मोठी लबाड असते. सकाळी शाल घ्यावी, दुपारी पंखा लावावा. जिनिंगच्या आवारात कापसाचा शेवटचा ढीग उरलेला असतो, बाजारात नवी चिंच येते, आणि पोरं एका हातात पिचकारी, दुसऱ्या हातात गाईड घेऊन फिरतात. होळी आणि परीक्षा यांची युती कोणी केली देव जाणे. पण मला हा ऋतू सगळ्यांत लाडका आहे. पळस फुलला की मला एक लोहार आठवतो. तो आपल्याकडचा नाही. तो सातासमुद्रापलीकडच्या एका कादंबरीतला, आणि कातडीनं काळा.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ती कादंबरी आमच्या छातीवर बसली होती. जुनी, जाडजूड, इंग्रजी. सर म्हणाले होते, "यावर प्रश्न येणार म्हणजे येणार." गोष्ट तशी साधी. एका गावात गोऱ्या मालकाचं धान्याचं कोठार जळतं. आळ येतो काळ्या लोहारावर. कोणी पाहिलेलं नाही, पुरावा नाही, आणि तो निर्दोष आहे हे गावाला आतून ठाऊक आहे. तरी कोर्टात सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. फक्त एक वकील, तोही गोराच, त्याच्या बाजूनं उभा राहतो. शेजारी त्याच्याशी बोलणं टाकतात, लोक त्याच्या दारावरून थुंकून जातात, पण गडी हटत नाही. वाचताना माझे कान तापायचे. आमच्या मोहल्ल्याजवळून कोणाची मोटरसायकल चोरीला गेली की पोलिसांची जीप आधी आमच्याच गल्लीत येते, आणि अब्बांच्या गॅरेजमधले स्पेअर पार्ट उलटेपालटे करून जाते. अब्बा हसून चहा पाजतात. मला ते हसणं कधी जमलं नाही.

गॅरेज खाली, आमचं घर वर. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या फटफटाटात अभ्यास होणार कसा? शेवटी माझी मैत्रीण कविता राठोड म्हणाली, "माह्या तांड्यात चाल. तिथं फक्त बकऱ्या ओरडतात." अब्बा लगेच हो म्हणाले. अम्मीनं मात्र माझी थैली भरता भरता विचारलं, "पढने जा रई या कपास चुनने?"

अम्मीची जीभ काळी असावी. झालं अगदी तसंच.

कविताचा तांडा दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं थोडा वेळ, मग बांधाबांधानं चालत. पन्नासेक उंबऱ्यांची बंजारा वस्ती. पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालणारे हे लोक, आता कापूस, तूर नि हरभऱ्यात रमलेले. कविताची आई जमनाबाई. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, याडी म्हणजे आईच, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ठेंगणी, चपळ, आणि तोंड असं की दगडाला बोलतं करील. पहिल्याच सकाळी ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पुस्तक हातात धरून बसल्यानं फरदड वेचून होते का वं? डोळे पुस्तकाले द्या, हात मले द्या."

कमरेला ओटी बांधून आम्ही फरदडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीला निघालो. आता वेचता वेचता पुस्तक कसं वाचणार? मी तोंडानं गोष्ट सांगायला लागले. खरं तर कवितासाठी, कारण इंग्रजी दिसलं की तिला झोप यायची. पण शेजारच्या तासातल्या, म्हणजे कापसाच्या ओळीतल्या बायका आधी गप्प झाल्या, मग जवळ सरकल्या. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्यांनी माझ्यासाठी एक तास मोकळं ठेवलं होतं, अगदी मधोमध, म्हणजे दोन्हीकडून ऐकू यावं.

काय एकेक प्रश्न! वकील इतका भांडतो, त्याची बायको काही म्हणत नाही का? लोहार तुरुंगात, तर भाता कोण फुंकतं? त्याच्या लेकरांना भाकर कोण देतं? कादंबरीकारानं यातलं काहीच लिहिलं नव्हतं. मी माझ्या पदरचं घालत गेले. लोहाराला मी तीन लेकरं दिली, वकिलाला खमकी बायको दिली. सरांनी ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

कोर्टाचं प्रकरण आलं तेव्हा याडीचे हात थांबले.

"थांब. ते बारा पंच कोनाच्या घरचे होय?"

"सगळे गोरे. मालकाच्या ओळखीपाळखीचे."

"आन लोहाराचा एकबी नाई?"

"एकही नाही."

"मंग ते नसाब होय का तमाशा होय?"

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक बसतो, शहाणीसुरती माणसं बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, आणि सगळ्यांचं एकमत होईस्तोवर उठत नाहीत. बायका कडेला उभ्या राहून ऐकतात, बोलत नाहीत. तरी कायदा त्यांना पाठ.

आणि मग निकालाचा दिवस आला. मी भीत भीतच सांगितलं, की बारा पंचांनी लोहाराला दोषी ठरवलं.

अगं बाई! काय तो गलका! कोणी ओटीतला कापूस खाली टाकला, कोणी मलाच शिव्या घातल्या, जशी काही मीच पंचांत बसले होते. एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. याडी तर माझ्यावरच चालून आली. "काहून? आसं काहून लिवलं त्यानं? कोनी पाह्यलं नाई तं दोषी कसा?" मी म्हटलं, याडी, तिथं तसंच चालायचं, म्हणून तर त्यानं लिहिलं. ती म्हणाली, "तिथं चालत असन. इथं चालनार नाई. होळीच्या दिवशी नसाब बसते. तवा हा खटला पुन्हा लावू."

मला वाटलं, थट्टा करते. पण ती थट्टा नव्हती. पुस्तकातल्या खटल्याचा निकाल पटला नाही म्हणून तो आपल्या पंचायतीत पुन्हा चालवायचा, ही चूक दुनियेत फक्त त्याच तांड्यातल्या बायका करू जाणोत.

त्याच दिवशी, कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन परतताना बातमी आली. हिरामण नायकाच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कोणी कापून नेली. हिरामण नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि कविताच्या वडिलांचा थोरला भाऊ, याडीचा जेठ. बायका एका तोंडानं म्हणाल्या, "सुभाषच असन. पारधी आहे नं."

सुभाष तांड्यापासून थोडं दूर, ओढ्याच्या काठी झोपडी करून राहायचा. बायको सुरेखा आणि दोन लहान पोरी. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून तांड्यानंच त्याला राखणीला ठेवलं होतं. हरभरा त्याच्या भरवशावर उभा होता, आणि चोरही तोच. आता पाहा, याच बायकांनी तासाभरापूर्वी एका न पाहिलेल्या लोहारासाठी डोळे पुसले होते. मला फार राग आला, पण बोलणार कशी? मी पाहुणी, त्यातून बाहेरची. मी याडीकडे पाहिलं. ती एरवी वाटेत कोणाला धड चालू देत नसे. त्या दिवशी घरापर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

नायकानं निरोप धाडला, होळी झाली की सुभाषनं शिवार सोडावं.

बंजारा लोकांची होळी पहाटे पेटते. अंधुक उजेड, थंडी, डफ, आणि लेंगी. लेंगी म्हणजे होळीची गाणी. पुरुष एका बाजूनं गातात, बाया दुसऱ्या बाजूनं उत्तर देतात, आणि उत्तरात अशी काही चेष्टा असते की माझ्यासारखी शहरी पोरगी कानाला हात लावते आणि पुन्हा कान पुढे करते. त्या दिवशी बायकांना सगळी मुभा. दिराला काठीनं झोडपा, नवऱ्याला रंगात बुचकळा, कोणी राग धरायचा नाही. फक्त जेठ सोडून. जेठासमोर बाई पदर खाली ओढून उभी राहते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालंच तर मध्ये एखाद्या लेकराला घालते, "मोठ्या बाले सांग, जेवन झालं." होळी असली तरी हे सुटत नाही.

ऊन वर आलं, आणि लिंबाखाली लोहाराचा खटला उभा राहिला. आधी भांडण लागलं ते लोहार कोणी व्हायचं यावर. सगळ्यांना लोहारच व्हायचं होतं, गोरा मालक व्हायला एकही तयार नाही! शेवटी कविताच्या धाकट्या काकाला धरून त्याच्या तोंडाला ज्वारीचं पीठ फासलं. तो रात्रीपासून मोहाच्या दारूच्या कैफात होता, त्याला कळेचना आपण कोण. लोहार झाले कविताचे वडील दलपतकाका. घरी जसे गप्प, तसेच पिंजऱ्यातही गप्प, त्यामुळे अभिनय फार चांगला झाला. कविता वकील. होळीची मुभा म्हणून तिला पुरुषांमध्ये उभं राहून बोलू दिलं. आणि न्याय द्यायला साक्षात हिरामण नायक, पांढरं पागोटं, ओठांवर रुबाबदार मिशी, अगदी गंभीर.

कवितानं असं काही भाषण ठोकलं की मी बघतच राहिले. एका इंग्रजी वाक्याला जांभया देणारी ही पोरगी! "कोनी पाह्यलं?" ती पिठाळ मालकाला विचारायची, आणि तो म्हणायचा, "मले पानी द्या." हसून हसून लोकांची पोटं दुखली. नायकानं मात्र हसू दाबत, खाकरून निकाल दिला.

"कोनी पाह्यलं? कोनीच नाई. ज्याचं कोठार जळलं तोच बोंबलते, तोच आपले पंच बसवते. अशी नसाब म्या जन्मात पाह्यली नाई. लोहार सुटला! आन मालकानं साऱ्या तांड्याले कडाव खाऊ घालाव!"

कडाव म्हणजे गुळाचा गोड शिरा. डफ कडाडले. दलपतकाकांना खांद्यावर घेऊन लोक नाचले. हा निकाल कविताच्या डोक्यात इतका पक्का बसला की परीक्षेत तिनं तोच लिहिला. लोहार सुटला आणि मालकानं गावजेवण घातलं, असं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, छातीठोकपणे! निकाल लागल्यावर सरांनी तिला बोलावून विचारलं, "तू नक्की कोणती कादंबरी वाचलीस?" ती म्हणाली, "सर, आमच्या तांड्यातली." पास झाली, हे सरांचे उपकार.

पण त्या सकाळी डफ थांबले तशी हवा बदलली. नायकानं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "आता खरं काम. माह्या विहिरीची केबल गेली. सुभाषनं सांजेच्या आत शिवार सोडाव."

सुभाष बाहेर, लिंबाच्या सावलीपासून लांब उन्हात उकिडवा बसला होता. शेजारी सुरेखा, मांडीवर धाकटी पोर. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायका पदराशी चाळा करू लागल्या. आत्ता लोहारासाठी नाचलेली ती सगळी माणसं एकदम आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहायला लागली.

मग बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "कविता."

याडी होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. "कविता, तुह्या मोठ्या बाले इचार, केबल नेतानी कोनी पाह्यलं?"

कविताचा चेहरा उतरला. इतका वेळ वकिलाचं भाषण ठोकणारी ती, तिच्या तोंडून शब्द निघेना. नायक याडीकडे न पाहता म्हणाला, "कविता, तुह्या याडीले सांग, हे बायकाईचं काम नव्हे."

कविताच्या जागी कोणीही असतं तरी असंच झालं असतं. ते एक सांगून टाकते, कारण ती अजूनही स्वतःला दोष देते. याडीनं मात्र तिला दोष दिला नाही. तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच बाजूला केलं आणि चार पावलं पुढे आली, पुरुषांच्या कड्याच्या आत. पदर तसाच खाली. पण आता ती थेट जेठाशी बोलत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या माणसाशी एक शब्द थेट बोललेला नव्हता. उद्या नायकानं तिच्या हातचं पाणी बंद केलं असतं, दलपतकाकांचं घर वाळीत पडलं असतं. पोरीचं लग्न व्हायचं होतं.

"आत्ता तुमीच म्हनले, ज्याचं कोठार जळलं त्यानं पंच बसवू नये. मंग केबल कोनाची गेली? आन निकाल कोन देऊन राह्यलं?"

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"तुमच्याच बानं सांगतलं होतं मले. इंग्रजाच्या राज्यात बंजारा दिसला का चोर. बैलं घेऊन चालला तं पोलीस संगं. लेकरू पोटात आहे तं तेबी चोर. तवा आपल्यासाठी कोनी बोललं का? आज मी बोलली नाई, तं मंग लोहारासाठी कायले रडली?" तिचा आवाज थरथरत होता. पदराच्या आत ती रडत असावी, पण बोलणं थांबलं नाही. "माह्यावर राग धरा. होळी आहे म्हनून सोडू नका, उद्याबी धरा. पन त्या मानसाले एकदा इचारा तं खरं."

मला त्या कादंबरीतल्या वकिलाचं फार कौतुक होतं. पण त्याच्याजवळ काळा डगला होता, कायद्याची पुस्तकं होती, आणि त्यानं बोलावं म्हणूनच कोर्टानं त्याला बोलावलं होतं. याडीला कोणी बोलावलं नव्हतं. आजही वर्गात धैर्यावर शिकवायची वेळ आली की मी पुस्तकातलं उदाहरण देते, आणि मनात मात्र ती बाई उभी असते. पोरींना ते दिसत नाही, याची चुटपुट लागते.

नायकाचा हात मिशीवर जाऊन तिथंच राहिला होता. मग तो सुभाषकडे वळून बोलला, "सांग बाबू. तू सांग."

सुभाष उठला. "म्या नाई नेली, नायक." एवढंच बोलून थांबेल असं वाटलं. पण थांबला नाही. "पन मी जातो. आज बाईनं वाचवलं. उद्या कोनाची कोंबडी गेली तं पुन्हा माह्याच झोपडीत पाहाल. पोरीईले घेऊन असं कोठवर राहू?" तो वळला आणि सुरेखाला घेऊन ओढ्याकडे चालू लागला.

केबल कोणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही, त्यामुळे खरा चोर सापडला आणि सगळे लाजले, असा सोयीचा शेवट मला देता येत नाही. लोक उठून घरी जातील, सुभाष सांजेपर्यंत निघून जाईल, आणि खटला जिंकूनही हरल्यासारखं होईल, असं मला वाटलं.

"उभ्या काहून वं? चला," याडी बायकांना म्हणाली, आणि सुभाषच्या मागं निघाली.

रंगानं माखलेल्या त्या सगळ्या बाया ओढ्याकडे लोटल्या. मी आणि कविताही. झोपडीसमोर गाठोडी बांधून ठेवली होती, त्यांवर कोंबडीची डालगी, वर पोरींच्या चपला. याडीनं काही न विचारता पहिल्या गाठोड्याची गाठ सोडली. सुभाष म्हणाला, "बाई, राहू द्या." दुसरीनं भांडी उचलून आत नेली. तो पुन्हा म्हणाला, "राहू द्या ना." तिसरीनं लेंगी सुरू केली, त्याच्यावरच रचलेली, चार बायांच्या पुढं त्याचं काही चालत नाही अशी. मघापासून दगडासारखी बसलेली सुरेखा त्या गाण्यावर फिस्सकन हसली, मग तोंडावर पदर घेऊन हसतच राहिली. धाकट्या पोरीनं आपल्या चपला ओढून काढल्या आणि पायात घातल्या. दोन्ही उलट्या.

तेवढ्यात गाणं थांबलं. बायांनी भराभर पदर ओढले. बांधावरून हिरामण नायक येत होता, एकटाच. तो आमच्यामधून सरळ चालत गेला, कोणाकडे पाहिलं नाही. अंगणात एका बाजूला वाटणाचा दगडी पाटा होता. इतकं जड कोण उचलणार, म्हणून तो शेवटपर्यंत तसाच राहिला होता. नायकानं वाकून तो उचलला आणि खांद्यावर घेतला. पांढऱ्या सदऱ्याला माती लागली.

"कुठं ठेवू?" त्यानं सुरेखाला विचारलं. थेट तिलाच.

सुरेखाचं हसू थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, याडीकडेही नाही. अंगणात कुठंही म्हणाली असती तरी चाललं असतं. तिनं झोपडीच्या दाराकडे बोट केलं.

"आत."

पारध्याच्या झोपडीत नायक कधी शिरला नव्हता. दार फार बुटकं होतं. त्यानं एका हातानं पागोटं काढून याडीपुढं धरलं, तिनं ते घेतलं, आणि तो कमरेत वाकून आत गेला.